फिटचं निदान झालंय? कोल्हापुरातल्या पहिल्या वर्षासाठी

डॉक्टरांनी 'एपिलेप्सी' असं लिहून गोळ्या सुरू केल्या, आणि घरी आल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले, अशा घरांसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडं कुणी याला फिट म्हणतं, कुणी आकडी, फेफरं, मिरगी. कागदावर अपस्मार. मी कॉलेजात असल्यापासून या आजाराच्या गोळ्या घेते, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. फिट एक-दोन मिनिटांत संपते, पण ती लपवायचं काम दिवसभर चालतं, आणि जास्त नुकसान त्या लपवण्यानंच होतं. म्हणून गोळ्यांइतकीच जागा इथं 'कुणाला, कधी आणि कसं सांगायचं' याला दिली आहे.

दोन फिटांच्या मधल्या काळात आपल्यात काहीच वेगळं दिसत नाही. हातपाय धड, बोलणं धड. त्यामुळं थकलो म्हटलं की लोकांना नाटक वाटतं, आणि तेच लोक एकदा फिट डोळ्यांनी बघतात तेव्हा माणूस कायमचा कामातून गेला असं धरून चालतात. या दोन्ही समजुतींशी तुमची गाठ पडणार आहे. तुम्ही एकटे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट निदान होऊन योग्य औषध मिळालं तर त्यातल्या साधारण 70 टक्के लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात.

पहिल्याच आठवड्यात: घरच्यांची तालीम

गोळ्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो. तोवर फिट येऊ शकते, म्हणून घरातल्या प्रत्येकानं, आजी-आजोबा आणि शाळकरी पोरांनीसुद्धा, एकदा खोटी फिट धरून सराव करा. एकानं जमिनीवर आडवं व्हायचं, बाकीच्यांनी खरोखर करून बघायचं.

फिट सुरू झाली की आधी घड्याळ बघायचं. आजूबाजूचं स्टूल, विळी, गरम भांडं लांब सरकवायचं. डोक्याखाली टॉवेल किंवा घडी केलेली ओढणी ठेवायची. गळ्याशी घट्ट असलेलं बटण सैल करायचं, चष्मा काढायचा. झटके थांबू लागले की माणसाला एका कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येते आणि जीभ मागं पडत नाही. आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहायचं. एवढंच.

काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण रस्त्यावर धावून येणारे लोक नेमकं तेच करतात. हातपाय दाबून धरू नका, फिट दाबून थांबत नाही, उलट खांदा निखळू शकतो. दातखिळी उघडायला चमचा, बोट, रुमाल काही घालू नका. जीभ गिळली जात नाही, ती समजूतच चूक आहे. चावली गेली तर आठवड्याभरात भरून येते, पण तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नका. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतल्या कशानंही फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरलेला असतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. माझ्याही नाकाशी भर बसमध्ये लोकांनी चप्पल धरलेली आहे. त्यांच्या मनात माया होती हे मला कळतं, आणि तरीही शुद्धीवर आल्यावर दिसलेली ती चप्पल मला आजही आठवते. म्हणून हा सराव घराबाहेर, गल्लीत, तालमीत, ऑफिसात पोचवा.

108 ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन कधी करायचा हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा: फिट पाच मिनिटांच्या पुढं गेली, एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, श्वास नीट परत येत नाही, डोक्याला मार लागला, पाण्यात असताना आली, बाई गरोदर आहे, मधुमेह आहे, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट आहे. ज्यांच्या फिट लांबतात त्यांना डॉक्टर नाकात मारायचा, फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे लिहून देतात. तो तुमच्यासाठी आहे का, हे विचारून घ्या.

डॉक्टरांकडं जाताना

सगळ्यात मोलाची गोष्ट एमआरआय नाही. फिटचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आणि ती बघणाऱ्या माणसाची आठवण, यावर निदान उभं राहतं. फिट कशी सुरू झाली, मान कुठल्या बाजूला वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे आपल्याला स्वतःला कधीच माहीत नसतं. त्यामुळं पेशंटला एकट्याला पाठवू नका, जो समोर होता त्यानं सोबत जायचं.

ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीला, जाताना डोक्याला तेल न लावता केस धुऊन जा. बऱ्याचदा आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात, त्यामागं कारण असतं, ते पाळा. ईईजी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं होत नाही. मेंदूत त्या अर्ध्या तासात काही घडलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

दर वेळी माणूस खाली पडून झटकेच देतो असंही नाही. एखादं पोर वर्गात दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतं, मास्तर म्हणतात लक्ष नाही. एखाद्या बाईला अचानक जळका वास येतो, ती ओठ चघळत, पदर चाळवत बसते आणि हाकेला ओ देत नाही. एखादा माणूस भान नसताना चार पावलं चालत जातो आणि रस्त्यावरचे लोक म्हणतात, प्यायलाय. हेही फिटचेच प्रकार आहेत, आणि यांचं निदान व्हायला कधीकधी वर्षं जातात. अशा वेळी दिसेल ते लिहून ठेवणारी वही उपयोगी पडते. तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्रीची झोप, गोळी चुकली होती का, बायकांनी पाळीची तारीखही. साधं कालनिर्णय वापरलं तरी चालतं.

शहरात खासगी न्यूरॉलॉजिस्ट बरेच आहेत. खर्च झेपत नसेल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथून सुरुवात करा. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडच्या लोकांनी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन यावं, आणि जुनी फाईल कधीही घरी विसरू नये.

एमआरआयमध्ये 'गाठ' दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. भारतात फिटचं एक नेहमीचं कारण म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत तयार झालेली अळीची छोटी गाठ. 'आम्ही माळकरी, आमच्याकडं हे कसं?' असं विचारणारे भेटतात. ही अंडी मटणातून येत नाहीत. दूषित पाणी, नीट न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर आणि अस्वच्छ हात हाच त्यांचा रस्ता आहे. त्यावर उपचार आहेत.

गोळी

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. फिट पुन्हा येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे चुकलेली गोळी. वेळ ठरवा, मोबाईलला गजर लावा, आठवड्याच्या कप्प्यांची डबी घ्या. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा. पुराच्या दिवसांत तर महिन्याभराचा साठा घरात हवाच. 2019 आणि 2021 साली पंचगंगेनं शहराला वेढा घातला तेव्हा औषधाच्या दुकानापर्यंत पोचणंही अवघड झालं होतं.

एखादी गोळी राहिली तर काय करायचं हे डॉक्टरांना आत्ताच विचारून वहीत लिहा. सहसा आठवताच घेतात, पण पुढच्या डोसची वेळ आलीच असेल तर दोन एकदम घेत नाहीत. वर्षभर फिट आली नाही म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केल्यावर फिटांमागून फिटा येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट नसेल तर डॉक्टर हळूहळू कमी करायचा विचार करतात. तो निर्णय त्यांचा आणि तुमचा मिळून असतो, शेजारच्या काकांचा नाही.

प्रत्येक औषधाचा आपला त्रास असतो आणि तो सांगायला लाजू नका. फेनिटॉइननं हिरड्या सुजून वाढतात. व्हॅल्प्रोएटनं वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात. लेव्हेटिरासेटॅमनं काहींची चिडचिड इतकी वाढते की घरात भांडणं होतात, आणि सगळे म्हणतात हिचा स्वभावच बिघडला. स्वभाव नाही, गोळी आहे, ती बदलता येते. कार्बामॅझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नेहमीची बहुतेक औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि जनऔषधी दुकानात बरीच स्वस्त मिळतात. फक्त कंपनी वारंवार बदलू नका, बदलायचीच तर डॉक्टरांना विचारून.

'मुळापासून बरं करतो' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांमध्ये तपासणीत फेनोबार्बिटोन सापडलेलं आहे. म्हणजे तेच आधुनिक औषध, मात्रा माहीत नसलेलं.

झोप, उपास, मिरवणूक

गोळीनंतर झोप. रात्रीचं जागरण हे फिटला आमंत्रण आहे. नवरात्रात उपास करायचा असेल तर करा, पण गोळीला उपास नसतो. अंबाबाईला पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतलेली चालते असं माझी आई म्हणते आणि तिच्याइतकी भाविक बाई मी पाहिलेली नाही. रोजे धरणाऱ्यांनी रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटून सहरी-इफ्तारीला बसेल असं वेळापत्रक करून घ्यावं. दारू टाळाच.

महाद्वार रोडच्या विसर्जन मिरवणुकीतल्या लेसरनं फिट येईल का, हा प्रश्न मला दर गणपतीला येतो. लखलखत्या प्रकाशानं फिट येणारे लोक शंभरात साधारण तीन असतात, आणि ईईजीत ते बहुधा कळतं. तुम्ही त्यांतले असाल तर लांब राहा, आणि अचानक समोर आलंच तर नुसते डोळे मिटू नका, एक डोळा तळहातानं पूर्ण झाका आणि बाजूला व्हा. बाकीच्यांना खरा धोका पहाटेपर्यंतच्या जागरणाचा आणि रात्रीची गोळी राहण्याचा आहे. बाप्पाला निरोप देऊन दहाला घरी या.

पाणी, आग, उंची, गाडी

न्हाणीघराला आतून कडी लावू नका, दारावर पाटी अडकवा. शॉवर असेल तर खाली बसून आंघोळ. उन्हाळ्यात विहिरीत, रंकाळ्यात, पंचगंगेच्या घाटावर एकट्यानं पोहायला जाणं बंद. सोबत तुम्हाला उचलू शकेल आणि ज्याला हा आजार माहीत आहे असा माणूस हवा, आणि फिट अजून आटोक्यात नसतील तर सोबत असूनही नको. चुलीपुढं एकटं बसू नका, गॅसवर मागच्या बर्नरवर भांडं ठेवा. कठडा नसलेल्या गच्चीवर झोपू नका.

गाडीबद्दल स्पष्ट सांगते. लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना 1 मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न असतो. तिथं खोटं लिहून बुलेट चालवणारी पोरं मला माहीत आहेत. कोल्हापुरात गाडीशिवाय पोराचं पान हलत नाही, हे खरं. पण फिट येते तेव्हा गाडीखाली आपण एकटेच येत नाही. केएमटीची बस, रिक्षा, मित्राची मागची सीट. हा तोटा खरा आहे, त्याचं दुःख करायचा तुम्हाला हक्क आहे.

कामाचंही तसंच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीजवळ, प्रेसवर, उंच शिडीवर काम असेल तर ते बदलून मागा. गुऱ्हाळावर काहिलीपाशी किंवा चुलवाणावर उभं राहू नका, गूळ भरायला, वजनाला, हिशोबाला बसा. पाळी बदलून रात्रपाळी येत असेल तर डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या. बाकी काम, अभ्यास, नोकरी, खेळ यांना फिट आडवी येत नाही. दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स हा आजार असतानाच जगातला सर्वोत्तम क्षेत्ररक्षक ठरला.

सांगायचं कुणाला, कसं

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. पण ज्यांच्यासमोर तुम्ही पडू शकता, त्यांना माहीत हवं. शाळेत वर्गशिक्षक आणि शेजारी बसणारं पोर. कामावर एक साहेब आणि दोन सोबती. गल्लीत एक घर. तालमीत वस्ताद.

सांगताना आजाराचं नाव सांगून थांबू नका. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न 'मग मी काय करू?' हा असतो आणि उत्तर मिळालं नाही की तो घाबरून लांब होतो. मी असं सांगते: 'मला फिटचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. कधी आलीच तर मला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, लगेच दुसरी आली किंवा डोक्याला लागलं तर 108. पंधरा-वीस मिनिटांनी मी बोलायला लागेन, मग मला घरी सोडा.' एका दमात होतं. हेच पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवा, औषधांची नावं आणि घरचा नंबर घालून. अगदी दाताच्या डॉक्टरकडं गेलात तरी गोळ्या सांगा, काही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक औषधांनी फिटचा धोका वाढतो.

सगळ्यात अवघड लग्न. मुलीला फिट येते म्हटलं की बैठकच होत नाही, म्हणून आईवडील लपवतात. मग नवी नवरी सासरी गोळ्या कुठं ठेवू म्हणून तांदळाच्या डब्यात लपवते, सासू समोर असली की घेत नाही, लग्नाच्या धावपळीत झोप गेलेली असते, आणि आठवड्याभरात स्वयंपाकघरात फिट येते. मग ती 'फसवणूक' ठरते. मुलाकडचे लपवतात तेव्हा मात्र सून 'पांढऱ्या पायाची' ठरते. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचा मला अजून राग येतो. सुपारी फुटायच्या आधी सांगा, दोन्ही घरांना, शक्य असेल तर डॉक्टरांसमोर. चार स्थळं जातील. जाऊ देत. ज्या घरात गोळीची डबी ओट्यावर उघडी ठेवता येते, तिथंच नांदता येतं. पुण्यातलं संवेदना फाउंडेशन हा आजार असलेल्यांच्या लग्नांसाठीही काम करतं.

पूर्वी हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींत अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं. 1999 च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. नुसत्या फिटवरून लग्न मोडता येईल अशी धमकी कुणी दिली तर हे माहीत असू द्या.

मूल होऊ शकतं आणि बहुतेक बायकांची मुलं निरोगी जन्मतात. पण डॉक्टरांना दिवस जायच्या आधी भेटायचं. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं, ते वेळेवर बदलावं लागतं, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावं लागतं. काही औषधांमुळं गर्भनिरोधक गोळी नीट काम करत नाही, तेही विचारा. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून फिटची गोळी बंद करणं हे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं आहे.

देवर्षी आणि अंगारा

जोतिबाला नवस बोला, अंगारा लावा, त्याला माझी हरकत नाही, आमच्या घरीही लावतात. पण कुणी देवर्षी किंवा मांत्रिकानं बाधा आहे म्हणून मारायला, धुरी द्यायला, गोळ्या बंद करायला सांगितलं तर तिथून उठा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालून उपयोग होत नाही. त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा आणि एमआरआयची फिल्म उजेडात धरून दाखवायला सांगा.

कागदपत्रं

इथं निराशा होते, ती आधीच सांगते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यांत अपस्माराचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळं नुसत्या फिटवर प्रमाणपत्र मिळवणं अवघड जातं. ज्या आजारानं दिवसाचं नियोजन, गाडी, काम, लग्न सगळं बदलतं, तो कागदावर दिसत नाही, हा अन्याय आहे असं मी मानते. मात्र सोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, पक्षाघात यांतलं काही असेल तर त्या नावाखाली यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा, अनेक घरं हे माहीत नसल्यानं राहून जातात. विम्याच्या अर्जात आजार लपवू नका, नाहीतर दावा नेमका गरजेच्या वेळी फेटाळला जातो.

वर्ष सरताना

मन खचतं. पुढची फिट कधी येईल या धास्तीनं कित्येक जण बाहेर जाणंच सोडतात, आणि घरचे प्रेमापोटी दार लावून घेतात. उदासी हा या आजाराचा आणि कधी औषधाचाही भाग असतो, डॉक्टरांना सांगा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

एक अवघड गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांना विचारलीच पाहिजे. फिट आटोक्यात नसलेल्यांत क्वचित झोपेत अचानक मृत्यू होतो, हा आजार असलेल्या सगळ्या मोठ्यांचा विचार केला तर वर्षाला साधारण हजारात एक, आणि फिट आटोक्यात नसतील तर धोका जास्त. धोका कमी करायचा मार्ग म्हणजे गोळी न चुकवणं आणि फिट आटोक्यात आणणं, रात्री जवळ कुणीतरी असणं.

आणि वर्षभरात नीट निवडलेली, पुरेशा मात्रेतली दोन औषधं घेऊनही फिट येतच असतील तर 'आता असंच चालायचं' म्हणून बसू नका. त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात, आणि त्यातल्या काहींना शस्त्रक्रियेनं, काही मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या केटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्ट पदार्थांच्या, आहारानं फरक पडतो. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं होते आहे. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: माझी तपासणी मोठ्या अपस्मार केंद्रात करायला हवी का? जाताना वही, व्हिडिओ, सगळे एमआरआय आणि आजवर घेतलेल्या औषधांची मात्रेसकट यादी एका पिशवीत भरून न्या.